गाळाखालचा समुद्र

नांदेडला समुद्र नाही, हे मला आजवर इतक्या जणांनी समजावून सांगितलं आहे की जणू मी कधी नकाशाच पाहिलेला नाही. घरमालकीणबाईंनी सांगितलं, माझ्यासोबत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनी सांगितलं, मला बघायला आलेल्या एका मुलाच्या मामांनीही सांगितलं. मुलगी कशात पीएचडी करते, असं त्यांनी विचारलं होतं. समुद्रातले जुने प्रवाह बदलले तेव्हा आपल्याकडचा पाऊस कसा बदलला, यावर करते, असं मी म्हणाले. मामांनी कप बशीत ठेवला आणि नांदेडहून समुद्र किती लांब आहे ते मला सांगितलं. ते लग्न जमलं नाही याचं मला अजूनही वाईट वाटलेलं नाही.

मी चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. घर लिंगायत शेतकऱ्याचं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो आणि आईला अव्वा. भूशास्त्र शिकायला नांदेडला आले आणि तिथंच राहिले. विष्णुपुरीजवळ माझी खोली होती. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की मी गोदावरी बघायला जायची. ते गढूळ पाणी म्हणजे अर्ध्या मराठवाड्याची माती असते. ती पुढं तेलंगण आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जाऊन बसते, थरावर थर. जगभरातले लोक जहाजं घेऊन तिथं जातात, तळात लांब नळ्या घुसवून तो चिखल वर काढतात आणि आमच्याकडं दहा-वीस हजार वर्षांपूर्वी पाऊस कसा होता ते वाचतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांना अभिमान वाटला. मला राग आला. आमचा पाऊस वाचायला लोक समुद्रात जातात, तर समुद्र वाचायला मी माझ्या शेतात का जाऊ नये? माझा पीएचडीचा विषय या रागातून निघाला.

विषय सोपा आहे, लोकच तो अवघड करतात. अटलांटिक महासागरात एक मोठा प्रवाह उष्ण पाणी उत्तरेला वाहून नेतो. तिथं ते पाणी थंड होतं, खारट असल्यामुळं जड होऊन तळाला जातं आणि खालून माघारी येतं. हिमयुग संपत आलं तेव्हा उत्तरेकडचं बर्फ वितळून गोडं पाणी समुद्रावर पसरलं. गोडं पाणी हलकं, ते बुडेना. प्रवाह मंदावला, उष्णता दक्षिणेकडंच अडकून पडली आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा तिच्यामागं दक्षिणेला सरकला. आपल्याकडचा मोसमी पाऊस त्या काळात अशक्त झाला. साधारण सतरा ते बारा हजार वर्षांपूर्वीच्या काळात असं दोनदा झालं.

हे मी अप्पांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते उसाला पाणी देत होते. पाणी देणाऱ्याला माहीत असतं की पाटातलं पाणी एका सरीत भरलं की खोऱ्यानं मातीचं दारं मोडायचं आणि पुढच्या सरीत सोडायचं. ज्या सरीचं दारं बंद झालं ती कोरडी. अप्पांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि खोऱ्यावर हात टेकून म्हणाले, “म्हंजे कुणीतरी दारं मोडलं.”

माझ्या गाइडना हे समजायला दोन महिने लागले होते.

अप्पांनी आणखी एक गोष्ट विचारली. मग लोक म्हणतात ते काय? आमच्या भागात पाऊस दडी मारून बसला की सांगणारे दोन प्रकारचे लोक येतात. एक म्हणतात गावात पाप वाढलं. दुसरे गाडीतून येतात आणि म्हणतात तुम्ही ऊस लावता. ऊस जमिनीतलं पाणी ओढतो हे खरं आहे आणि त्यावरून माझी अप्पांशी भांडणं झालेली आहेत. पण ढग काही उसाला विचारून येत नाहीत. सगळं आयुष्य आभाळाकडं बघण्यात गेलेल्या माणसाला वर तूच दोषी म्हणायचं, याची मला लहानपणापासून चीड आहे. अप्पांना ती चीड बोलून दाखवता येत नव्हती, ते फक्त खाली बघायचे.

विषय मंजूर करणाऱ्या समितीत बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते. कडक इस्त्रीचे, मृदू बोलणारे. त्यांनी माझा आराखडा चाळला आणि म्हणाले की समुद्रावर काम करायचं तर किनाऱ्यावरच्या एखाद्या संस्थेत जावं. मराठवाड्यात जुन्या पावसाचा भरवशाचा पुरावा सापडत नाही, इथल्या विद्यार्थ्यांनी इथल्या अडचणींवर काम करावं. कूपनलिकांच्या पाण्यातले क्षार हा विषय त्यांनी मला तिथल्या तिथं काढून दिला. मी म्हणाले, पाऊस न पडणं ही इथलीच अडचण आहे सर. ते हसले, आणि त्यांनी अट घातली. मराठवाड्यातल्या मातीचा एक तरी असा छेद आणायचा की ज्याच्या थरांची वयं वरून खाली क्रमानं वाढत जातात. मुदत उन्हाळ्यापर्यंत. नाही आणला तर विषय बदलायचा.

छेद कुठं घ्यायचा याचा मला विचारही करावा लागला नाही. आमच्या शेताच्या कडेनं ओढा वाहतो आणि ओढ्यानं तिथं उभी दरड कापलेली आहे. लहानपणी मी त्या दरडीतून पांढरे चुनखडीचे खडे वेचायची. ते खडे म्हणजे कोरड्या काळाची खूण. पाऊस भरपूर असला की चुना पाण्यासोबत खोल वाहून जातो, पाऊस कमी असला की पाणी वाफ होऊन उडतं आणि चुना मातीतच गाठी धरून बसतो. पावसाळा संपल्यावर मी गावी गेले, आठवडाभर दरड तासून सरळ केली आणि वेगवेगळ्या थरांतले गोगलगाईंचे बारके शंख गोळा केले. शंखांवरून थराचं वय काढता येतं. वरच्या चार फुटांच्या थरात शंख भरपूर होते आणि तो थर जरा गोंधळल्यासारखा होता, काळी आणि पिवळी माती एकात एक मिसळलेली. मी वहीत लिहिलं, ‘मोठ्या प्राचीन पुराचा पुरावा’. त्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या. अप्पा तेव्हा बांधावर बसून बघत होते. काय करायलीस, एवढंच त्यांनी विचारलं होतं आणि मी घाईत, नमुने घ्यायलेय, एवढंच उत्तर दिलं होतं.

डिसेंबरात प्रयोगशाळेचा मेल आला. खालचे थर ठीक होते. वरच्या चार फुटांतले शंख मात्र त्यांच्याखालच्या थरापेक्षा कितीतरी हजार वर्षांनी जुने निघाले. म्हणजे छेद उलटा. नवं खाली आणि जुनं वर. नेमकं तेच, जे समितीला हवं नव्हतं. मी तो मेल इतक्यांदा वाचला की आकडे पाठ झाले आणि तरी कारण सुचेना. पुरानं वरच्या अंगाची जुनी माती आणून टाकली असेल, असं मी मलाच समजावत होते.

गाइड माणूस चांगला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं की वरचा नमुना दूषित होता म्हणून सोडून दे, खालचे तेवढे दाखव, कुणी विचारणार नाही. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. खोलीवर येऊन मी खरंच वरचा आकडा खोडून तक्ता करून पाहिला. छान दिसत होता तो. लबाडी इतकी नीटनेटकी दिसते हे मला त्या दिवशी कळलं आणि मला स्वतःचीच शरम वाटली.

त्याच आठवड्यात येळवस होती. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. ती आमच्या लातूरकडं आणि आसपासच्या थोड्या भागातच आहे. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि सगळी माणसं शेतात जातात. कडब्याची खोप करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, पूजा करतात. भाज्या आणि ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि ताकातली आंबील. आंबील ज्या मडक्यात नेतात त्याला बिंदगं म्हणतात. जेवणाआधी घरचा कर्ता माणूस झाडाची डहाळी आंबिलीत बुडवून शेताच्या चारी कडांनी शिंपडत जातो. सोबत एक आरोळी असते, कानडी वळणाची, तिचा अर्थ आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. बिंदगं धरून मागं चालायचं काम माझं, मी शाळेत होते तेव्हापासून; नांदेडला गेल्यावर मात्र येळवसला येणं कधी जमलं नव्हतं.

मी डोक्यात तो मेल घेऊनच चालत होते. पूर्वेची कड झाली, उत्तरेची झाली. ओढ्याकडच्या कडेला अप्पा वळले आणि कडेवर न जाता चांगली वीसेक पावलं अलीकडूनच शिंपडत निघाले, उभ्या ज्वारीतून. पुढं ओढ्यापर्यंतची ज्वारीही आपलीच होती. मी थांबले. म्हटलं, अप्पा, तिकडं राहिलं की.

अप्पा मागं न बघता म्हणाले, “ते आपलं रान न्हाई. ते तळ्याचं हाय.”

मला कळेना. मग त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात गावचा पाझर तलाव ठणठणीत कोरडा पडला होता. गावानं तो पोकलेननं खोल केला आणि ज्याला हवा त्यानं गाळ न्यावा असं ठरलं. ओढ्यानं आमची कड खाऊन उतार केला होता. अप्पांनी महिनाभर ट्रॉल्या लावून तो उतार भरून काढला, मूळ बांधापासून थेट दरडीपर्यंत. गाळ संपल्यावर तळाची पिवळी मातीही आणून टाकली. मी तेव्हा नांदेडला परीक्षा देत होते. पुढं आठ वर्षं नांगरट झाली, पेरण्या झाल्या, जुना बांध मोडून गेला. पण आंबील शिंपडताना अप्पा अजून जुन्या बांधावरूनच चालत होते. आज्यानं जिथून शिंपली तिथूनच शिंपायची, उचलून आणलेल्या मातीला शेत म्हणायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी बिंदगं खाली ठेवलं आणि ओढ्याकडं पळाले. वरच्या थरातला एक शंख उकरून हातावर घेतला. चपटा, चकलीसारखा वेटोळा. पाण्यातल्या गोगलगाईचा. तळ्यातल्या. शेतातल्या गोगलगाईचा शंख उंच असतो, हे मी स्वतः दर वर्षी पोरांना शिकवते. तलाव व्हायच्या फार आधीही तिथं पाणथळ असणार; त्या तळाची हजारो वर्षांची जुनी माती अप्पांनी ट्रॉलीनं आणून आमच्या नव्या मातीवर टाकली होती, आणि त्या खेपांना मी मोठा प्राचीन पूर ठरवून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मी तिथंच बसून हसायला लागले. अव्वाला वाटलं मी रडते आहे, आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

खोपीत जेवताना मी अप्पांना सगळं सांगितलं. अट सांगितली, मुदत सांगितली, खोडून पाहिलेला आकडासुद्धा सांगितला. दरडीचा छेद आता कुणाला दाखवायच्या लायकीचा उरला नव्हता, कारण तिथली कड खालपासून हललेली असणार असं कुणीही म्हणू शकलं असतं. छेद हवा होता तो जुन्या बांधाच्या आत, न हललेल्या मातीत. दोन पुरुष खोल खड्डा. आणि तिथं ज्वारी हुरड्यावर आली होती. हे वाक्य मी पुरतं बोललेच नाही. अव्वानं माझ्याकडं असं बघितलं की घास तोंडातच राहिला. सकाळी ज्या रानाची पूजा केली त्यात उभ्या पिकात कुदळ घालायची भाषा तिला सहन होईना.

अप्पांनी भज्जीतले तुरीचे दाणे बोटानं एका बाजूला केले. मग म्हणाले, “खण. लई जणांनी सांगितलं आमच्या पापानं पाऊस पडत न्हाई. एकदा बघू तरी दे कुणाच्या पापानं.”

मी त्यांना आठवण करून दिली की हे सतरा हजार वर्षांपूर्वीचं आहे, आत्ताच्या दुष्काळांचं कारण यातून थेट निघणार नाही. ते म्हणाले, हाव, माहीत हाय. तेव्हा तरी आम्ही ऊस लावत नव्हताव.

दुसऱ्या दिवशी अव्वानं स्वतः विळा घेऊन खड्ड्यापुरती ज्वारी कापली, हुरडा वेगळा केला आणि माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. मशीन लावायचं नाही असं मी सांगितलं, कारण मशीनच्या दातानं थर एकमेकांत माखतात. विहिरी खणणारे दोघे जण आले; त्यांच्यासोबत अप्पा आणि मी. पाच दिवस लागले. वर भेगाळलेली काळी माती, मग तपकिरी, मग एके दुपारी पहार खणकन वाजली. चुनखडीचा थर होता, हातभर जाड, बोरांएवढे खडे आणि मधेच लिंबाएवढे. त्याच्या वरच्या मातीत उंच शंख होते आणि खालच्या पिवळ्या मातीतही उंच शंख होते. चपटा एकही नव्हता. मी खड्ड्यात उतरून प्रत्येक शंख नखानं मोकळा केला. अप्पांनी वरून विचारलं, मिळाला का समुद्र? मी म्हणाले, मिळाला तर सांगते.

मार्च संपता संपता आकडे आले. वरून खाली सगळे क्रमात. चुनखडीच्या वरचा शंख आणि खालचा शंख, या दोघांच्या मधे बरोबर तो काळ येत होता ज्या काळात तिकडं लांब अटलांटिकात प्रवाह मंदावला होता. एका खड्ड्यानं समुद्र सिद्ध होत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पण आमच्या शेतात पुरावा नाही असं आता कुणी म्हणू शकणार नव्हतं.

समितीसमोर मी दोन्ही छेद ठेवले. एकाच आकृतीत डावीकडं शेत, मधे जुना बांध, उजवीकडं ओढ्याची दरड, आणि दरडीच्या माथ्यावर चार फुटांचा एक थर ज्याच्यापुढं मी लिहिलं होतं: ‘तलावातून आणून टाकलेला गाळ व माती, टाकणारे, संशोधिकेचे वडील’. चूक कशी झाली तेही सांगितलं, पुराच्या दोन रेघांसकट. समितीतलं कुणीतरी हसलं. बाहेरच्या तज्ज्ञांनी नवा छेद बारकाईनं पाहिला, दोन-तीन अवघड प्रश्न विचारले आणि विषय कायम राहील असं म्हणाले. मग पेनानं आकृतीवर टकटक करत मृदू आवाजात सुचवलं की दरडीचा भाग काढून टाकावा. नवा छेद चांगला आहे, तेवढाच ठेवावा. प्रबंधात वडिलांचा गाळ शोभत नाही.

गाइडनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मला कळत होतं की विषय हातात आलेला आहे आणि फक्त मान हलवायची आहे. मी मान हलवली नाही.

मी म्हणाले, “सर, मराठवाड्यात आता शेतोशेती तळ्यांचा गाळ आहे. उद्या दुसरं कुणी खणेल आणि माझ्यासारखंच फसेल. हा थर राहील.”

ते म्हणाले की निदान वडिलांचा उल्लेख तरी काढा. मी म्हणाले, कुठल्याही थराचं कारण लिहायचं असतं असं आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलंय, पुरानं आणला तर पूर, वाऱ्यानं आणला तर वारा. हा अप्पांनी आणलाय. माझा आवाज चढला होता, ते मलाही जाणवलं. मग त्यांनी शेऱ्यात काहीतरी लिहिलं आणि कागद पुढं सरकवला. ‘भाषा सुधारावी’ एवढंच होतं. मी भाषा सुधारली. ‘टाकणारे’ काढून ‘पसरवणारे’ केलं.

काही वर्षांनी प्रबंध बांधून आला तेव्हा तो घेऊन मी गावी गेले. अप्पा खोपीच्या जागी, नव्या पेरणीच्या कडेला बसले होते. खड्डा कधीच बुजवला होता आणि त्यावर हरभरा उगवून आला होता. मी आकृतीचं पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, बोट ओढत ओढत दरडीच्या माथ्यापर्यंत नेलं आणि अक्षरं जुळवून वाचली.

“हा मी का?”

“हाव.”

“आन् समुद्र?”

मी खालचा पांढऱ्या ठिपक्यांचा थर दाखवला. म्हटलं, समुद्रानं दारं मोडलं तेव्हा आपलं रान कोरडं पडलं, ते हे. अप्पांनी ते ठिपके बघितले. मग स्वतःचा थर बघितला. पुन्हा ठिपके बघितले. लहानपणापासून मी त्यांना पावसाच्या गोष्टीत खाली बघतानाच पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी मान वर केली आणि ओढ्याच्या दिशेनं, जिकडं समुद्र अजिबात नाही तिकडं बघून म्हणाले, “म्हंजे त्यो खाली, आन् मी वर.”

मग अव्वाला हाक मारून त्यांनी ते पान दाखवायला बोलावलं.